स्लाइड क्रमांक ४११७-अ

४ जानेवारी

प्रिय खारू,

फोनवर तू "बोला" म्हणतेस, मी "सगळं बरं ना?" विचारतो, तू "हो" म्हणतेस आणि आपलं बोलणं संपतं. तेही वर्षातून दोनदा. म्हणून या वेळी लिहायला बसलो. पत्राचं एक बरं असतं, समोरच्याला मधेच "ठेवते" म्हणता येत नाही. फार तर तू अर्ध्यावर घडी घालून ठेवशील.

बातमी आहे म्हणून लिहितोय. स्वयंपाकघराच्या छताला ओल आली. प्लंबर म्हणाला, माळा रिकामा केल्याशिवाय मी कशाला हात लावणार नाही. मग दोन दिवस मी शिडीवर. मोडका पंखा, तुझ्या सायकलची टोपली, आईचा टेलिफोन एक्स्चेंजमधला हेडफोन, आणि सगळ्यात मागे बिस्किटांचा चौकोनी डबा. झाकणाला चिकटपट्टीचे तीन वेढे. वर आईच्या अक्षरात: "मंगळवार, १२ मार्च. ५ वाजून १० मि. मागचं अंगण." खाली साल, चौतीस वर्षांपूर्वीचं.

आत तुझी लोकरीची कानटोपी आणि टोपीत तुझा दगड.

मी शिडीच्या पायरीवरच बसलो. प्लंबरने विचारलं, "काका, चक्कर आली का?" म्हटलं, नाही, ओळखीचं कोणीतरी भेटलं.

तू हा दगड कचऱ्याच्या बादलीत टाकलास तेव्हा मी दारात उभा होतो. आईने तो मागाहून काढला असणार, आणि मला पत्ता लागू दिला नाही. डब्यात तिने ओल शोषणाऱ्या पुड्याही ठेवल्यात, एक्स्चेंजमध्ये नव्या यंत्रांच्या खोक्यांतून यायच्या त्या. जन्मभर टेलिफोन जोडून देणाऱ्या बाईला ओल काय करते ते पक्कं ठाऊक होतं.

तुला सगळं आठवत असेल, तरी माझ्या बाजूने लिहितो. चुकलं तर दुरुस्त कर. तू अकरा वर्षांची. वाळलेले कपडे काढायला मागच्या अंगणात गेलीस. आकाश स्वच्छ, आणि एकदम कोणीतरी रिकामं पिंप गडगडत नेल्यासारखा आवाज. मग शीळ, मग धप्प. पाण्याच्या पाइपासाठी खणलेल्या भुसभुशीत मातीत कोपरापर्यंत हात जाईल एवढं भोक पडलं होतं. तू बेधडक हात घातलास, त्याबद्दल आईची बोलणीही खाल्लीस, आणि मुठीपेक्षा मोठा काळा दगड बाहेर काढलास. मी कामावरून आलो तेव्हा तो उशीच्या अभ्र्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन तू पायरीवर बसली होतीस. म्हणालीस, "बाबा, हा वरून आला. आणि गार आहे."

शनिवारी तुमच्या शाळेचं प्रदर्शन होतं. आमच्या भूशास्त्र विभागाचे साहेब पाहुणे म्हणून आले होते. ते म्हणाले, हा स्लॅग आहे, लोखंड वितळवताना भट्टीत वर येतो तो मळ. मीही हो म्हणालो. खरं सांगायचं तर तेव्हा मी तो नीट बघितला नव्हता. तपासायला हवा होता, कामाच्या रगाड्यात राहून गेलं.

काल फ्रिजच्या दारावरचा लोहचुंबक लावून बघितला. चिकटतो. इथल्या संस्थेत उल्कापाषाणांवर काम करणारी एक संशोधक आहे असं कळलंय. उद्या तिच्याकडे घेऊन जातो.

लिफ्ट तपासायला गच्चीवरच्या खोल्यांत चढतेस ना, तिथे वारा असतो. कान झाकत जा.

बाबा


२२ जानेवारी

प्रिय खारू,

तुझा दगड खरा आहे. आधी हे लिहून टाकतो, मग बाकीचं.

संशोधक मुलगी तिशीतली असेल. बोलणं तुझ्यासारखंच, तोडून. मी "मॅडम" म्हणालो तर म्हणाली, "काका, मॅडम नको, मी मागे वळून बघते कोण आलं म्हणून." दगड हातात घेतला, भिंगाखाली धरला, दोनदा उलटापालटा केला. मग उठून दार लावून आली. मला वाटलं, चोरीचा वगैरे निघाला की काय.

वजन सहाशे बारा ग्रॅम. वरची काळी साल अंड्याच्या कवचाएवढी पातळ; हवेतून येताना बाहेरचा थर वितळून ती तयार होते. आत राखाडी, त्यात धातूचे बारीक चमकते ठिपके. तिने काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तर आत गोल गोल दाणे. त्यांना कॉन्ड्र्यूल म्हणतात. आपली पृथ्वी बनायच्या आधी अवकाशात वितळलेले थेंब उडाले आणि गोठले, ते हे. इथल्या मातीतल्या कुठल्याही दगडात असे दाणे होत नाहीत, त्यामुळे वादाला जागाच राहत नाही.

मग वर्गवारी. अशा दगडांची मोठी घराणी तीन: जास्त लोखंडाचं, कमी लोखंडाचं आणि फारच कमी लोखंडाचं. ऑलिव्हिन नावाच्या खनिजात लोखंड किती आहे हे तिने यंत्रावर मोजलं आणि आपला दगड मधल्या घराण्यात बसवला. त्याला अक्षर आहे एल. पुढे दाणे किती ठसठशीत उरलेत त्यावरून आकडा द्यायचा. आपल्याला मिळाला चार. म्हणजे तुझा दगड एल-चार. शाळेच्या तुकडीसारखं वाटतं, नाही?

गंज जवळजवळ नाही, याचं तिला फार नवल वाटलं. म्हणाली, "इतकी वर्षं घरात राहून असा? कोणी सांभाळलाय?"

"बायकोने."

"मला भेटायचंय त्यांना."

म्हटलं, नऊ वर्षांपूर्वी गेली ती. मुलीने थोडा वेळ पेनाचं टोपण काढलं, लावलं. मग वहीत आईचं नाव विचारून लिहून घेतलं.

आता महत्त्वाचं. बोलता बोलता मी म्हणालो, "माझी मुलगी तेव्हा म्हणत होती की दगड गार होता. लहान होती." तिने वहीतून मान वर केली.

"गार म्हणाली? नक्की?"

"नक्की. त्यावरूनच तर सगळे हसले."

"काका, तो गारच असतो. तापते ती नुसती साल, तीही काही सेकंद. आत अवकाशातला गारठा तसाच राहतो, आणि शेवटची दोन-तीन मिनिटं तो थंड हवेतून साध्या दगडासारखा खाली येतो. थाप मारणारी पोर असती ना, तर म्हणाली असती, हात भाजला."

खारू, घरी येताना माझा बसथांबा चुकला. या एका शब्दावर साहेबांनी सगळं सभागृह हसवलं होतं. "बाळ, आकाशातून पडलेला दगड गार कसा असेल?" मग मुलांनी तुला 'आभाळबाई' हे नाव ठेवलं आणि शाळा संपेपर्यंत ते तुला चिकटून राहिलं. तू रडत आलीस तेव्हा मी आईला म्हणालो होतो, मुलंच ती, विसरतील चार दिवसांत.

आता तुझ्याकडे काम आहे. नोंद दोन प्रकारे होते: नुसती सापडलेली, किंवा पडताना पाहिलेली. दुसऱ्या प्रकारच्या फार थोड्या असतात. त्यासाठी पाहणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत लिहून सही करून द्यावं लागतं. पाहणारी तू एकटी. फॉर्म सोबत जोडलाय, पत्ता संस्थेचा आहे.

बाबा


१६ फेब्रुवारी

प्रिय खारू,

फॉर्म पोचला का? टपाल हल्ली कुठेही अडकतं. म्हणून दुसरी प्रत पाठवतोय.

इकडे थोडं घोडं अडलंय. नोंद देणाऱ्या समितीला पुरावा हवा. संशोधक मुलीने आईच्या डब्याचा फोटो पाठवला. समितीचं म्हणणं, डब्यावरचं अक्षर कधीही लिहिता येतं, त्या दिवसातलंच म्हणून दाखवता येईल असं काही आहे का. मी म्हटलं, शोधतो.

शोधताना जुन्या दिवसांत हरवायला होतं. परवा पायांनीच विभागाकडे नेलं. माझी खोली आता संगणकांची आहे. दोन पोरं कानात गाणी घालून बसली होती. त्यांना म्हटलं, इथे खिडकीखाली दगड कापायची करवत होती, तिथे जाड काचेची पाटी, तिच्यावर मी कार्बोरंडमची खरखरीत पूड आणि पाणी घालून काप घासायचो. पोरांनी शहाण्या मुलांसारखी मान डोलावली.

लहान असताना तू शाळेतून थेट तिथे यायचीस. शाळा रस्त्याच्या पलीकडे. घंटा झाली की मी करवतीचं चाक बंद करायचो, तुला आवाज आवडायचा नाही. उंच स्टुलावर चढून कापून उरलेले तुकडे रंगाप्रमाणे लावत बसायचीस, आणि जाताना खिसे भरून न्यायचीस. म्हणून खारू. आई धुण्याच्या आधी तुझ्या फ्रॉकचे खिसे उलटे करायची आणि मला म्हणायची, "तुमच्या विभागाचा अर्धा डोंगर माझ्या मोरीत आहे."

एकदा तू विचारलंस, "बाबा, पुरे झालं हे कसं कळतं?" म्हटलं, काप केसाच्या निम्म्याहून पातळ झाला की त्यातून उजेड येतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली रंग बघायचे. रंग बरोबर आले की हात उचलायचा, एक फेरा जास्त झाला तर काप काचेवरून धुऊन जातो. तू म्हणालीस, "म्हणजे थांबायला जास्त अक्कल लागते." मी हे साहेबांना सांगितलं होतं. तेही हसले होते. साहेब वाईट नव्हते गं. आईच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनीच मला न मागता महिनाभर रजा दिली होती.

आई शेवटच्या आजारात एकदा म्हणाली होती, "तुमच्या लेकीचं काहीतरी मी ठेवलंय, ती आली की देईन." मला वाटलं, दागिना असेल. तू आलीस तेव्हा तिला बोलता येत नव्हतं.

त्या वेळी जाताना तू दारात जे म्हणालीस ते मला अजून शब्दन् शब्द येतं. "बाबा, तुम्हाला दिसत असतं. पण दिसलेलं तुम्ही बोलत नाही." मला वाटलं तू डॉक्टरांबद्दल बोलतेयस. तू तिकडून तीनदा फोन करून सांगितलं होतंस, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, हे नुसतं पित्त नाही. मी म्हणालो, डॉक्टरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. ती रोज माझ्यासमोर वाळत होती. चार महिने मी तेच म्हणत राहिलो.

फॉर्म भरून पाठव. माझ्यावर राग असू दे, तो दगडावर काढू नकोस.

बाबा


२ मार्च

खारू,

माझ्या पहिल्या पत्रात एक वाक्य खोटं आहे. तेव्हा मी दगड नीट बघितला नव्हता, असं मी लिहिलं. मी तो बघितला होता. इतका नीट बघितला होता की त्याआधी नि त्यानंतर तसं काही बघितलं नाही.

बुधवारी तू शाळेत गेल्यावर मी तो डब्याच्या पिशवीत घालून कामावर नेला. साहेब दौऱ्यावर होते. विभागाच्या यंत्रावर घरचं काम करायला परवानगी नव्हती. कोपरा कापला, आतला राखाडी रंग आणि धातूचे ठिपके दिसले. काप काचेवर चिकटवला, घासला. गुरुवारी दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला.

विभागात परदेशातून आणलेली उल्केच्या कापाची एकच स्लाइड होती. दर वर्षी ती पेटी पुसायचं काम माझं, त्यामुळे मला ते गोल दाणे पाठ होते. तुझ्या दगडात तेच होते, आणखी सुंदर. एकात पट्ट्या, एकात पंख्यासारख्या काड्या. उजेड गाळणारे दोन पोलराइड एकमेकांवर आडवे धरले की निळे, पिवळे, जांभळे पेटायचे. स्लाइडखालचा गोल स्टेज फिरवला की विझायचे, पुन्हा पेटायचे. मी दुपारभर तेच करत बसलो. जेवणाचा डबा तसाच घरी आणला.

ठरवलं, शनिवारी सांगायचं. प्रदर्शनात, साहेबांसमोर, सगळ्या शाळेसमोर. म्हणजे तुझी मान केवढी उंच होईल. घरी शीळ घालत आलो.

शनिवारी साहेबांनी दगड जागेवरच बोटाने दाबून बघितला. कशी कोण जाणे, कापलेली बाजू कापसात खाली गेली होती. त्यांनी तुला विचारलं, "गरम होता का?" तू म्हणालीस, "नाही, गार." त्यांनी ते वाक्य म्हटलं, लोक हसले, आणि ते माझ्याकडे वळले. "काय हो, तुम्ही रोज दगड कापता. सांगा तुमच्या मुलीला काय आहे हे."

स्लाइड माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. रुमालात गुंडाळून आणली होती.

मला नुसता दगड उलटा करायचा होता. पण साहेब बोलून बसले होते, आजूबाजूला दोनशे माणसं होती, आणि त्याच महिन्यात माझी नोकरी कायम करायचा कागद त्यांच्या टेबलावर होता. ही कारणं मी नंतर जुळवली. त्या क्षणी यातलं काहीच डोक्यात नव्हतं. साहेब म्हणतात म्हणजे तसंच, एवढंच तोंडाला माहीत होतं. मी म्हणालो, "स्लॅग आहे, साहेब."

तू माझ्याकडे बघत होतीस. मी माझ्या हातांकडे बघितलं.

समितीला हवा असलेला पुरावा ती स्लाइड आहे. त्या वेळी प्रत्येक स्लाइडवर मी हिऱ्याच्या टोकाने क्रमांक आणि तारीख कोरत असे, आणि विभागाच्या नोंदवहीत रोज लिहीत असे. ही मी वहीत चढवली नाही, पण सवयीने क्रमांक कोरला: ४११७-अ. वहीत ४११७ बुधवारची आहे, ४११८ शुक्रवारची. मधला गुरुवार काचेवर आहे. माझ्या दाढीच्या सामानाच्या डब्यात इतकी वर्षं ती पडून होती. जानेवारीत संशोधक मुलीने विचारलं होतं, "काका, हा कोपरा कोणी कापलाय?" मी म्हणालो, असेल कोणीतरी. चौतीस वर्षांनी तेच.

काल जाऊन तिच्या टेबलावर स्लाइड ठेवली आणि सगळं सांगितलं. तिने तारीख वाचली, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "काका, याने तुमच्या मुलीचं म्हणणं सिद्ध होतं. पण तुम्हाला हे लेखी द्यावं लागेल, कधी कापलं, काय दिसलं, आणि का बोलला नाहीत." मी तिथेच बसून दिलं.

आता तू फॉर्म भर किंवा भरू नकोस. मी पुन्हा विचारणार नाही.

बाबा


२९ मार्च

प्रिय खारू,

तुझा कागद संस्थेत पोचला. मला वेगळं काही लिहिलं नाहीस ते ठीक आहे. संशोधक मुलीने फोन केला, "काका, येऊन वाचून जा. फोनवर वाचून दाखवण्यासारखं नाही."

तुझं अक्षर अजून उभं आहे, आईसारखं. आणि लिफ्टचा अहवाल लिहावा तसं लिहिलंयस. "आवाज पिंप गडगडल्यासारखा नव्हता. आधी दोन बार झाले, नंतर गडगडाट." बरोबर असेल, मी तिथे नव्हतो. "दगड नळाच्या पाण्याइतका गार होता." "भोक माझ्या कोपरापर्यंत नव्हे, कोपराच्या चार बोटं खाली होतं." वाचताना हसू आलं. म्हटलं, हिच्या सहीशिवाय लिफ्ट हलत नसणार.

मग शेवटचा परिच्छेद. तो मी घरी आणण्यासाठी उतरवून घेतला.

"गुरुवारी संध्याकाळी दगड फडताळात परत आला तेव्हा त्याचा एक कोपरा करवतीने कापलेला होता. तो वडिलांनी कापला हे मला लगेच कळलं, कारण असा सरळ काप दुसऱ्या कोणाला जमत नाही. ते त्या दिवशी शीळ घालत आले होते. मी काही विचारलं नाही. ते शनिवारी सगळ्यांसमोर सांगणार आहेत असं मला वाटलं. त्यांची गंमत जाऊ नये म्हणून प्रदर्शनात मी कापलेली बाजू कापसात खाली ठेवली."

खाली सही, तारीख.

मी तो परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचला. त्या मुलीने पाणी आणून ठेवलं आणि दुसऱ्या खोलीत निघून गेली.

इतकी वर्षं मला वाटायचं, तुला एवढंच माहीत आहे की बापाला दगड ओळखता आला नाही. अडाणी बाप परवडतो. पण तुला तेव्हाच माहीत होतं की मला माहीत आहे. अकरा वर्षांची तू तिथे उभी राहून वाट बघत होतीस, की आता बाबा पुढे होतील आणि दगड उलटा करतील. लोक हसत होते तेव्हाही वाट बघत असशील. घरी येऊन दगड बादलीत टाकलास, तेव्हा टाकून दिलंस ते दगडाला नाही, मला, हे आज कळलं.

आणि माझं पहिलं पत्र वाचून तुला काय वाटलं असेल. "राहून गेलं" म्हणे.

माफी मागतो असं लिहिलं आणि खोडलं. ते तोंडाने म्हणायला हवं. पत्रात मला सोपं जातंय म्हणूनच नको.

बाबा


११ मे

प्रिय खारू,

तू येऊन गेलीस त्याला आठवडा झाला. समितीचा निर्णय काल आला. एल-चार, पाषाण उल्का, पडताना पाहिलेली. नाव आपल्या वस्तीचं, तशीच पद्धत आहे. संशोधक मुलगी म्हणाली, आता जगातल्या कुठल्याही यादीत बघा, ही इथे पडली आणि या दिवशी पडली. पाहिली कोणी, त्या रकान्यात तुझं नाव. सांभाळली कोणी, असा रकाना नव्हता, तर तिने तळटीप घालून आईचं घातलं.

शेजारचे विचारत होते, मुलगी आली होती का. मी म्हणालो, हो, कामासाठी आली होती. मग वाटलं, पुन्हा झाकायला लागलो. जिन्यावरून परत खाली गेलो आणि सांगितलं, "मला भेटायला आली होती. अकरा वर्षांची असताना मी तिला सगळ्यांसमोर खोटं पाडलं होतं, त्याचं बोलायला." शेजारचे गोंधळले. पण मला बरं वाटलं.

तू होतीस ते दोन दिवस मी पुन्हा पुन्हा आठवतो. पहिल्या दिवशी आपण नुसते घर आवरत राहिलो. दुसऱ्या दिवशी संस्थेत त्या मुलीने ४११७-अ लावली आणि तू स्टुलावर बसलीस. मी सवयीने समजवायला लागलो, हा पट्ट्यांचा बघ, हा पंख्याचा. तू डोळा न काढता म्हणालीस, "बाबा, जरा गप्प बसा. मला बघू द्या." मी गप्प बसलो. तू स्टेज हळूहळू पूर्ण फिरवलास, एकदा नाही, चार-पाचदा. रंग पेटत-विझत असणार, मला बाहेरून फक्त तुझी मान दिसत होती. आई हेडफोन लावून ऐकायची तशी थोडी कललेली.

मग तू विचारलंस, "गुरुवारी हे तुम्ही एकट्यानेच बघितलंत?"

"हो."

"किती वेळ?"

"शाळा सुटेपर्यंत. घंटा ऐकू आली होती."

"मग मला हाक का नाही मारलीत? मी रस्त्याच्या पलीकडे होते."

याचं उत्तर माझ्याकडे होतं, शनिवारचं, मान उंच व्हायचं. ते मी दिलं नाही. म्हणालो, "चुकलो. तेव्हाही आणि शनिवारीही. मला माफ कर." हे सगळं तुझ्याकडे बघून म्हणालो. तू सूक्ष्मदर्शकावरून बाजूला झालीस आणि म्हणालीस, "या, बघा तुम्ही. फोकस जरा हलला असेल." हलला नव्हता.

त्यानंतर बसस्टँडवर. बॅग वर चढवून तू खिडकीशी बसलीस आणि काच सरकवलीस. म्हणालीस, "आईचं बोलायचं राहिलं."

म्हटलं, "बोल."

"आज नको. ते याच्यासारखं सोपं नाही. पुढच्या वेळी."

गाडी सुटली. मी तिथेच उभा होतो, कंडक्टरने दुसऱ्या गाडीत बसायचंय का म्हणून विचारलं तेव्हा भानावर आलो. ते सोपं नाही हे मला माहीत आहे. त्याची स्लाइड नाही, तारीख कोरलेली नाही, आणि समिती तर नाहीच. तू जे म्हणशील ते म्हणशील. मी मधे डॉक्टरांना आणणार नाही.

पण "पुढच्या वेळी" म्हणालीस. मागच्या नऊ वर्षांत पुढची वेळ नव्हती. तेव्हा भांडायला का होईना, ये. तारीख कळव, मी स्टँडवर येईन.

बाबा